कैसर-इ-हिंद, सेनाखासखेल, फिदवी: बिरुदांवरून कागदाचा काळ कसा काढायचा?

दप्तरी

संस्थानी काळातल्या कागदांची सूची करण्याचं काम चालू आहे. मानपत्रं, दरबारच्या निमंत्रणपत्रिका, कारभाराचे छापील अहवाल, काही खलित्यांच्या नकला आणि सोबत डबाभर नाणी. निम्म्या कागदांवर तारीख नाही, बिरुदं मात्र ओळीच्या ओळी आहेत. त्यांच्यावरून काळ काढता येईल का, हा मूळ प्रश्न.

अडलंय ते असं. व्हिक्टोरियाला काही ठिकाणी नुसतं ‘राणीसाहेब’ म्हटलंय, काही ठिकाणी ‘कैसर-इ-हिंद’, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. हा बदल १८५८ चा धरायचा का? दुसरं, बडोदा आणि ग्वाल्हेरच्या राजांच्या नावाआधी फारसी, मराठी, इंग्रजी बिरुदांची रांग आहे. त्यांतली कोणती मोगलांची, कोणती छत्रपतींची, कोणती इंग्रजांची? आणि तिसरं, ‘रा. रा.’, ‘रा. ब.’, ‘रा. सा.’, ‘ना.’, ‘म. म.’, ‘सी.आय.ई.’ ही अक्षरं सूचीत कशी उलगडावीत? अंदाजाने लिहायचं नाहीये.

अंकुशी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: १८५८ धरू नका. ही चूक छापील पुस्तकांतही सापडते.

१ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने कंपनीचा कारभार राणीकडे गेला, पण राणीच्या पदवीत काही वाढलं नाही. सम्राज्ञीपद आलं अठरा वर्षांनी. पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने आणलेल्या पदव्यांच्या कायद्याला २७ एप्रिल १८७६ रोजी मंजुरी मिळाली, २८ एप्रिलला राणीचा जाहीरनामा निघाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीला दरबार भरवून ती पदवी हिंदुस्थानात जाहीर केली ती १ जानेवारी १८७७ रोजी. इथल्या कागदांसाठी ही शेवटची तारीख कामाची.

त्या कायद्यात ‘एम्प्रेस’ हा शब्दच नाही. राणीला योग्य वाटेल अशी भर आपल्या पदवीत घालता येईल, एवढंच त्यात म्हटलंय. नेमका शब्द आला तो जाहीरनाम्यात: लॅटिनमध्ये ‘इंडिए इंपेराट्रिक्स’, इंग्रजीत ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पार्लमेंटात विरोध बराच झाला. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन १८७० मध्ये पदच्युत झाला होता आणि ‘सम्राट’ या शब्दाला लष्करी सत्तेचा वास येतो असं उदारमतवाद्यांना वाटत होतं. त्यांच्या समाधानासाठी जाहीरनाम्यात एक अट घातली: ज्या सनदा, नेमणुका, आज्ञापत्रं फक्त ब्रिटनपुरती आहेत त्यांत ही पदवी वापरायची नाही. म्हणून त्याच वर्षांतल्या लंडनच्या एखाद्या कागदावर नुसतं ‘क्वीन’ दिसलं तर तो कागद जुना ठरत नाही. खुद्द ब्रिटनच्या नाण्यांवर ‘इंड इंप’ ही अक्षरं आली ती १८९३ पासून.

आता तुमचा डबा. रुपयावरचा मजकूर असा बदलत गेला:

१८३५ च्या रुपयावर ‘विल्यम चौथा, किंग’, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’. १८४० च्या नाण्यावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’, मागे कंपनीच. १८६२ पासून पुढे ‘क्वीन’, मागे ‘इंडिया’. १८७७ पासून ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. एडवर्ड सातव्याच्या नाण्यांवर ‘किंग अँड एम्परर’, तर पाचव्या आणि सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर मधला ‘अँड’ गळून ‘किंग एम्परर’. आठव्या एडवर्डच्या नावाचं ब्रिटिश हिंदुस्थानचं नाणं नाही. कच्छ, जोधपूर या संस्थानांनी मात्र त्याच्या नावाने नाणी पाडली.

इथे एक खड्डा आहे. कंपनीच्या आणि राणीच्या सुरुवातीच्या रुपयांवरचं वर्ष गोठलेलं असे. १८४० चा साचा १८६१ पर्यंत चालला आणि ‘१८६२’ असं कोरलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पडत राहिले. ठिपक्यांच्या संख्येवरून त्यांचे प्रकार पाडतात. सूचीत ‘नाण्यावरील वर्ष १८६२’ असं लिहा, ‘१८६२ मध्ये पाडलेले’ असं नको.

वर्ष गोठवण्याची ही चाल कंपनीने आधी मोगल बादशहाच्या नावावर वापरली होती. दुसरा शाह आलम १८०६ मध्ये वारला. त्याच्या नावाचा रुपया कंपनी १८३५ पर्यंत पाडत होती आणि त्यावरचं राज्यारोहणाचं वर्ष, म्हणजे सन जुलूस, टांकसाळीगणिक ठरून गेलेलं: मुर्शिदाबादी शिक्क्यावर १९, फर्रुखाबादीवर ४५, सुरतीवर ४६. बाजारात ओळखीचं नाणं चालतं आणि बट्टा लागत नाही, हे त्यामागचं कारण. सार्वभौमत्व कोणाचं, हा प्रश्न कंपनीने त्या मृत बादशहाच्या नावाआड झाकून ठेवला. १८३५ मध्ये ते नाव काढून विल्यमचा मुखवटा आला, हा १८७७ इतकाच मोठा बदल होता. त्याच्यासाठी दरबार भरला नाही म्हणून तो कमी लक्षात राहतो.

मायना

अंकुशी यांनी पाया घातला. मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे.

बिरुदांची रांग सलग वाचू नका, थर वेगळे करा. प्रत्येक बिरुदाला तीन प्रश्न विचारा: देणारा कोण, घेणारा या शब्दाने कोणाचा चाकर ठरतो, आणि हे वंशपरंपरा आहे की त्या माणसापुरतं. दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बिरुद म्हणजे मोठेपणाचा शब्द असं आपण धरून चालतो. पण दप्तरात बिरुद हे नातं सांगतं.

पेशव्यांचा शिक्का आठवा: ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’ आणि मग प्रधानाचं नाव. आधी धनी, मग चाकर. मोगली सरदारांच्या मोर्तबावर ‘फिदवी शाह आलम बादशाह गाझी’ असं असे. फिदवी म्हणजे जीव ओवाळून टाकणारा सेवक. भाषा वेगळी, रचना तीच. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी वकील-इ-मुतलकी, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीचं पद, मिळवली ती पेशव्यांच्या नावाने आणि स्वतः तिथे नायब राहिले. १७९२ मध्ये पुण्यात तिच्या स्वीकाराचा सोहळा झाला. कंपनीही याच चौकटीत शिरली होती. क्लाइव्हला ‘साबत जंग’ हा मोगली किताब होता आणि १७६५ ची दिवाणी (बंगालचा महसूल वसुलीचा अधिकार) म्हणजे कागदोपत्री बादशहाची चाकरीच.

आता बडोदा. पूर्ण नाव साधारण असं येतं: ‘हिज हायनेस फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया श्रीमंत महाराजा सर सयाजीराव गायकवाड, सेनाखासखेल, समशेर बहादूर, जी.सी.एस.आय., जी.सी.आय.ई.’

यात ‘समशेर बहादूर’ आणि ‘सेनाखासखेल’ ही छत्रपती शाहूंच्या दरबारची. पहिलं दमाजी गायकवाडांना १७२० च्या बाळापूरच्या लढाईतल्या कामगिरीबद्दल मिळालं. ‘सेनाखासखेल’ हे सैन्यातलं पद, तेही साताऱ्याच्या सनदेने. ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’, म्हणजे इंग्रज सरकारचा खास पुत्र, ही १८७७ च्या दिल्ली दरबाराची देणगी. तेव्हा सयाजीराव तेरा वर्षांचे होते. ‘सर’ आणि शेवटची अक्षरं ब्रिटिश मानपदकांची. एका ओळीत दीडशे वर्षं आणि दोन धनी.

बहुतेक जण चुकतात ते इथे: फारसी दिसलं की मोगली समजतात. फर्जंद-इ-खास फारसी आहे आणि शंभर टक्के इंग्रजी आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी संस्थानिकांना जे किताब दिले त्यांत फारसी मुद्दाम राखली, कारण किताबाची भाषा म्हणून तीच रुळलेली होती. म्हणून भाषेवरून थर ठरवू नका, देणाऱ्याच्या नावावरून ठरवा. ‘इंग्लिशिया’, ‘इंग्लिस्तान’, ‘मलिका’ असे शब्द शोधा.

ग्वाल्हेरच्या रांगेत याचं सर्वांत ठळक उदाहरण आहे. मुख्तार-उल्-मुल्क, अजीम-उल्-इक्तिदार, रफी-उश्-शान असं करत करत महाराजाधिराज अलिजाह येतं आणि शेवटी ‘फिदवी-इ-हजरत-इ-मलिका-इ-मुअज्जमा-इ-रफी-उद्-दर्जा-इ-इंग्लिस्तान’. म्हणजे इंग्लंडच्या उच्चपदस्थ राणीचा फिदवी. जिथे शाह आलमचं नाव यायचं त्या जागी इंग्लंडची राणी आली आणि ‘फिदवी’ तसाच राहिला. इंग्रजांनी सार्वभौमत्व कसं उचललं हे या एका शब्दातून जितकं कळतं तितकं पानभर तहनाम्यातून कळत नाही.

छापील याद्यांत ‘मलिका’ आणि ‘मलिक’ ही दोन्ही रूपं सापडतात, एक राणीसाठी, एक राजासाठी. एवढ्या एका अक्षरावर कागदाचा काळ ठरवू नये. याद्या एकीवरून दुसरी उतरवत आणि जुना मजकूर पुढे रेटत.

साताऱ्याच्या सनदेचा थर आणखी कुठे सापडेल? औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, नागपूरकर भोसल्यांचं ‘सेनासाहेबसुभा’. ही मुळात पदं. ज्या दरबारात ती पदं होती तो दरबार संपला, तेव्हा त्यांची आडनावासारखी बिरुदं झाली. साताऱ्याला प्रतापसिंहांशी २५ सप्टेंबर १८१९ चा तह झाला, त्यात कंपनीने त्यांना साताऱ्याचे राजे म्हणून राज्य दिलं आणि बाहेरच्या कोणाशीही परस्पर पत्रव्यवहार करायची बंदी घातली. ज्या घराने सेनाखासखेल आणि प्रतिनिधी नेमले, त्या घराला आपल्याच जुन्या सरदारांना पत्र लिहायचं तर रेसिडेंटला, म्हणजे कंपनीच्या दरबारातल्या प्रतिनिधीला, विचारावं लागे. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत केलं, १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ अप्पासाहेब वारल्यावर दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. देणारं घर गेलं, त्याने दिलेली बिरुदं मात्र बडोद्यात आणि औंधला चालू राहिली. हे लिहिताना मला दर वेळी वाईट वाटतं.

दप्तरी

दोघांचेही मनापासून आभार. फर्जंद-इ-खासवाली चूक आमच्या सूचीत झालेलीच होती, दुरुस्त केली. ‘कैसर’ हाच शब्द का निवडला असावा? ‘पादशाह’ किंवा ‘शहेनशाह’ का नाही? आणि काही संस्थानांच्या नाण्यांवर राणीचा मुखवटा आहे, बडोद्याच्या नाण्यांवर नाही, याचं कारण काय?

अंकुशी

‘कैसर-इ-हिंद’ हे रूप सुचवलं लाहोरच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य लाइटनर यांनी. ‘पादशाह’ मोगलांचा, ‘शहेनशाह’ इराणचा, ‘सुलतान’ तुर्कस्तानचा. कोणताही घेतला तरी तो कोणाचा तरी वारस ठरवतो. ‘कैसर’ हा शब्द अरबी-फारसी वाचणाऱ्याला ‘कैसर-इ-रूम’मुळे (रोमचा सम्राट) माहीत होता, पण हिंदुस्थानच्या गादीवर तो कोणी लावला नव्हता. लिहायला लहान, आणि सीझर, जर्मन कैसर, रशियाचा त्सार या सगळ्यांशी एका कुळातला. जर्मनीत १८७१ मध्ये कैसर झालाच होता आणि मध्य आशियात रशिया पुढे सरकत होता. शिवाय फारसीत लिंगभेद नसल्याने हाच शब्द राणीला आणि पुढे राजाला तसाच लावता आला. म्हणून ‘कैसर-इ-हिंद’ एवढंच लिहिलेला कागद १८७७ नंतरचा एवढंच ठरतं, तो राणीचा की राजाचा हे त्यावरून कळत नाही.

नाण्यांचं कारण कायद्यात आहे. १८७६ च्या देशी नाण्यांच्या कायद्यानुसार जी संस्थानं आपली नाणी सरकारी टांकसाळीत पाडून घेत, ती नाणी ब्रिटिश हद्दीतही चालत, पण पुढच्या बाजूला राणीचा मुखवटा घ्यावा लागे. अलवर, बिकानेर, धार आणि देवासच्या दोन्ही पात्या (थोरली आणि धाकटी शाखा) यांनी हे स्वीकारलं. धारच्या १८८७ च्या आणि देवासच्या १८८८ च्या तांब्याच्या नाण्यांवर ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ आहे, मागे संस्थानाचं नाव. दोन्हीकडे पवारांचं राज्य, म्हणून मराठी संग्रहांत ही हटकून सापडतात. बडोद्याने स्वतःची टांकसाळ चालवली. सयाजीरावांच्या रुपयावर त्यांचाच मुखवटा आणि भोवती नागरीत नाव व सातारची बिरुदं, कैसर नाही.

कच्छची तिसरी तऱ्हा. टांकसाळ भूजचीच, मुखवटा नाही, पण फारसी अक्षरांत राणीचं नाव. आधीच्या कोरींवर (कोरी म्हणजे कच्छचं चांदीचं नाणं) राणी म्हणून, नंतरच्यांवर ‘व्हिक्टोरिया कैसर-इ-हिंद’. एकाच नाण्यमालेत १८७७ ची रेघ पाहायची असेल तर कच्छच्या कोरी शेजारी शेजारी ठेवून पाहा.

मराठी मुलखाबद्दल एक. मराठा टांकसाळींतल्या चांदीच्या रुपयांवर मोगल बादशहाचं नाव असे, अंकुशाची खूण असलेल्या अंकुशी रुपयावरही. तांब्याच्या शिवराईवर मात्र ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’. हैदराबादेतही १८५७ पर्यंत मोगल बादशहाचं नाव होतं, मग ते काढून आसफजाहचं घातलं. तेव्हा नाण्यावर ज्याचं नाव त्याचं राज्य, हा नियम चांदीला सरसकट लावू नका.

गॅझेटवाला

तिसरा प्रश्न माझ्याकडे. अक्षरं एकेक घेऊ.

‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री. हा पत्राच्या मायन्यातला आदर आहे, किताब नाही. सभेच्या वृत्तांतात कोणाच्याही नावाआधी येईल. ‘रा. ब.’ म्हणजे रावबहादूर, हा सरकारी किताब. ‘रा. सा.’ म्हणजे रावसाहेब, आणि इथे सांभाळा, कारण बोलण्यात मामलेदारालाही रावसाहेब म्हणत आणि घरातल्या थोरल्यालाही. आद्याक्षरं छापलेली असतील तर बहुधा किताब, पूर्ण शब्द असेल तर आणखी पुरावा शोधा. ‘ना.’ म्हणजे नामदार. तो कोणी ‘बहाल’ करत नसे, कायदेकौन्सिलचं सभासदत्व किंवा तशा हुद्द्याबरोबर तो येई. त्यामुळे ‘ना.’ दिसलं की तो माणूस कौन्सिलात केव्हा होता हे पाहा, काळ झटकन आवळला जातो. ‘म. म.’ म्हणजे महामहोपाध्याय. संस्कृत विद्वानांसाठी हा सरकारी किताब १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात सुरू झाला. पां. वा. काण्यांना तो १९४२ मध्ये मिळाला. याच तोडीचा अरबी-फारसीसाठी ‘शम्स-उल्-उलमा’.

पायऱ्या अशा: वर दिवाणबहादूर आणि सरदारबहादूर, मध्ये रावबहादूर, रायबहादूर, खानबहादूर, खाली त्यांचीच ‘साहेब’ रूपं. मुंबई आणि मद्रास इलाख्यात हिंदूंना ‘राव’, उत्तरेत आणि बंगालात ‘राय’, मुसलमान आणि पारशांना ‘खान’. १९११ च्या दिल्ली दरबारापासून या किताबांना गळ्यात किंवा छातीवर घालायचं बिल्ल्यासारखं पदक आलं, मध्ये राजाचा मुखवटा. फोटोत ते पदक असेल तर फोटो १९११ नंतरचाच. हे किताब त्या माणसापुरते. मुलाने ‘रावबहादूर’ लावलं असेल तर त्याला वेगळा मिळाला असला पाहिजे.

मानपदकांची अक्षरं काळ काढायला सर्वांत भरवशाची. ‘स्टार ऑफ इंडिया’ १८६१ मध्ये निघालं तेव्हा एकच वर्ग होता. तीन वर्ग झाले १८६६ मध्ये. म्हणून जी.सी.एस.आय. किंवा सी.एस.आय. ही अक्षरं त्याआधी असूच शकत नाहीत. ‘इंडियन एम्पायर’ १८७८ चं, म्हणजे सम्राज्ञीपदाच्या पाठोपाठ. त्यात आधी फक्त सी.आय.ई. (कंपॅनियन), मग १८८६ मध्ये के.सी.आय.ई. (नाइट कमांडर) आणि १८८७ मध्ये जी.सी.आय.ई. (नाइट ग्रँड कमांडर). जुना वाटणाऱ्या कागदावर के.सी.आय.ई. असेल तर तो १८८६ नंतरचा, यात शंका नको.

‘सर’ लागतो फक्त वरच्या दोन वर्गांना. न्यायमूर्ती रानडे सी.आय.ई. होते, सर नव्हते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर के.सी.आय.ई. झाले म्हणून सर. गोखले सी.आय.ई. होते. १९१४ मध्ये के.सी.आय.ई. देऊ केलं ते त्यांनी नाकारलं, म्हणून ते शेवटपर्यंत नामदार गोखले. कोणी ‘सर गोपाळ कृष्ण’ लिहिलं असेल तर ती उघड चूक.

बॅरोनेट मात्र वंशपरंपरेचं, आणि त्यात मुंबईचा एक मोठा सापळा आहे. जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये नाइट आणि १८५७ मध्ये बॅरोनेट झाले. पुढे कायदाच असा झाला की त्या पदावर येणाऱ्या प्रत्येक वारसाने ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव घ्यायचं. त्यामुळे ‘सर जमशेटजी जीजीभाई’ ही सही अनेक पिढ्यांची असू शकते. सूचीत ‘पहिले’, ‘दुसरे’ असं बॅरोनेट क्रमाने लिहा.

‘कैसर-इ-हिंद’ नावाचं पदकही होतं, १९०० मध्ये सुरू झालेलं, लोकसेवेसाठी. पदवी आणि पदक एकाच नावाचं असल्याने नोंदी सरमिसळ होतात. गांधीजींना सोन्याचं १९१५ मध्ये मिळालं, १९२० मध्ये त्यांनी ते परत केलं. पंडिता रमाबाईंनाही हे पदक मिळालं होतं. मानपत्रात कोणी ‘कैसर-इ-हिंद’ असा नावामागे उल्लेख केला असेल तर तो पदकाचा.

मायना

गॅझेटवाला यांच्या यादीत संस्थानिकांच्या तोफा आणि ‘हिज हायनेस’ राहिलं, ते जोडतो. सलामीच्या तोफा विषम संख्येच्या: संस्थानिकांना ९ पासून २१ पर्यंत, व्हाइसरॉयला ३१, सम्राटाला १०१. हैदराबाद, म्हैसूर, बडोदा २१. ग्वाल्हेर आणि काश्मीर या रांगेत नंतर आले. कोल्हापूर १९, जंजिरा ११, भोर आणि जव्हार ९. ‘हिज हायनेस’ साधारणपणे ११ आणि त्यावरच्यांना. सलामी कायम, वैयक्तिक आणि स्थानिक अशा तीन तऱ्हांची असे. स्थानिक म्हणजे फक्त आपल्या हद्दीत जास्त तोफा. म्हणून एकाच राजाच्या दोन कागदांवर दोन आकडे आले तर दोन्ही बरोबर असू शकतात. औंध, फलटण, मिरज, जमखिंडी यांना सलामीच नव्हती.

हैदराबादच्या निजामाला ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ मिळालं १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल, आणि ते दुसऱ्या कोणाला दिलं नाही. १९३६ च्या करारानंतर तो ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ आणि त्याचा वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’. वऱ्हाड कारभारासाठी १८५३ पासूनच इंग्रजांकडे होता, १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि १९३६ मध्ये मुलूख हातातच ठेवून नाव तेवढं परत दिलं. विदर्भातल्या कागदांवर हे बिरुद दिसलं तर निजामाचा अंमल परत आला असं समजू नका. कारभार मध्य प्रांताचाच होता.

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींना ‘महाराजा’ हा किताब वंशपरंपरा मिळाला १९०० मध्ये. प्रजेच्या तोंडी ते आधीपासून महाराजच होते. इंग्रजी फायलीत त्याआधी ‘राजा’ असेल, त्याच दिवसाच्या मराठी कागदात ‘महाराज’ असेल. इंग्रज काय मान्य करत होते आणि लोक काय म्हणत होते, अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवा. इंग्रजी पत्रव्यवहारात संस्थानिकाला ‘किंग’ किंवा ‘रॉयल’ म्हणायला राजकीय खात्याची हरकत असे. राज्याभिषेकाऐवजी अधिकारप्रदान, सिंहासनाऐवजी गादी. ‘संस्थानिक’ हा आपला शब्द त्याच मापाचा आहे.

मांडवीकाठ

गोव्याकडचे कागद असतील तर थोडी भर.

पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाने वास्को द गामा परत आल्यावर १४९९ मध्येच स्वतःला ‘इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान येथील विजय, नौकानयन आणि व्यापार यांचा स्वामी’ म्हणवून घेतलं. तेव्हा इथे त्याच्या हातात वीतभर जमीन नव्हती. पदवी आधी, मुलूख मागून. इंग्रजांच्या नेमकी उलट चाल.

मराठी बखरी आणि पत्रांत ‘विजरई’ येतो तो पोर्तुगीज व्हाइसरॉय. पण गोव्याचा प्रत्येक प्रमुख व्हाइसरॉय नव्हता. १५०५ मध्ये आलेला अल्मैदा व्हाइसरॉय, गोवा जिंकणारा आल्बुकर्क फक्त गव्हर्नर. मराठी लेखक दोघांनाही विजरई म्हणत, म्हणून पोर्तुगीज यादीशी ताडून मगच लिहा. ब्रिटिशांकडेही तेच झालं. ‘व्हाइसरॉय’ हे १८५८ नंतर रूढ झालेलं संबोधन. कायद्यातलं पद गव्हर्नर जनरलचंच. पोर्तुगीजांनी इथल्या हिंदू घराण्यांनाही आपले सरदारी किताब दिले, पेडण्याचे देशप्रभू व्हिस्काउंट होते ते त्यातलंच. पोर्तुगालात १९१० मध्ये राजेशाही गेली, तेव्हा किताबांची सरकारी मान्यताही गेली.

सीमेवरच्या सावंतवाडीचं एक उदाहरण मायना यांच्या थरांच्या पद्धतीला अगदी चपखल आहे. तिथले राजे कुडाळचे सरदेसाई. १७६३ मध्ये खेम सावंतांचं लग्न जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी झालं आणि शिंद्यांच्या वजनाने दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना ‘राजेबहादूर’ किताब आला. तो सहन न होऊन कोल्हापूरकरांनी वाडीवर स्वारी केली. बादशहाच्या हातात तेव्हा दिल्लीबाहेर फारसं काही उरलं नव्हतं, तरी त्याच्या एका शब्दासाठी कोकणात लढाई झाली. सरदेसाई हा वतनाचा थर, भोसले हा कुळाचा, राजेबहादूर दिल्लीचा. पोर्तुगीज कागदांत याच घराण्याला ‘बोंसुलो’ म्हणतात, तो ‘भोसले’च.

दप्तरी

शेवटचं एक विचारतो. डब्यात १९४७ चा रुपया आहे, मागे वाघ, पुढे ‘जॉर्ज सहावा किंग एम्परर’. तो १५ ऑगस्टच्या आधीचा धरायचा ना?

अंकुशी

धरू नका. तो निकेलचा रुपया. स्वतंत्र भारताची स्वतःची नाणी १९५० मध्ये आली, तोवर हेच नाणं चलनात होतं. चांदीचा १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅमचा रुपया १९४० मध्ये अर्ध्या चांदीवर आला होता, पुढे चांदी पूर्ण गेली. वजन तेवढंच राहिलं असल्याने नुसत्या काट्यावर फरक कळणार नाही. कड आणि चुंबक पाहा, निकेल चुंबकाला चिकटतं.

‘एम्परर’ कायद्याने केव्हा संपला, याचीही तारीख नोंदवून ठेवा. १९४७ च्या स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमात राजाच्या पदवीतून ‘हिंदुस्थानचा सम्राट’ हे शब्द गाळायला पार्लमेंटची संमती दिली. ते प्रत्यक्ष गाळणारा जाहीरनामा निघाला २२ जून १९४८ रोजी. म्हणून ब्रिटनच्या १९४८ च्या नाण्यांवरही ‘इंड इंप’ आहे, १९४९ च्या नाण्यांवर नाही. स्वातंत्र्यानंतर दहा महिने तो शब्द कागदावर जिवंत होता. या दहा महिन्यांतला एखादा कागद तुमच्या गठ्ठ्यात निघाला आणि त्यावर ‘सम्राट’ असेल तर त्याला बनावट म्हणू नका.

संस्थानिकांचं वेगळं. घटनेच्या अठराव्या कलमाने सरकारने नवे किताब देणं बंद झालं, पण विलीनीकरणाच्या करारांनी त्यांची जुनी बिरुदं आणि तनखे राखले होते. ती मान्यता काढली १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने. त्यामुळे १९६५ च्या सरकारी पत्रातही ‘हिज हायनेस’ सापडेल आणि ते अगदी रीतसर असेल.